रस्ता मागतो, नळ मागतो, आता संशोधनही मागू या



निवडणूक जवळ आली की गावात गाड्या येतात, आणि आपण बायाही पुढे होऊन मागायचं ते मागतो. नळ द्या, रस्ता द्या, एसटीची फेरी वाढवा, दारूचं दुकान हलवा, गटाला बसायला सभागृह द्या. मागणं आता आपल्याला चांगलं जमतं. एकेकाळी बँकेत साहेबांपुढे उभं राहताना पाय लटपटायचे. आज ग्रामसंघाच्या बायका थेट तहसीलदारांकडे निवेदन घेऊन जातात. पण एक गोष्ट अशी आहे की ती आपण कधी मागितली नाही. ती म्हणजे संशोधन. "आमच्या आजारांवर, आमच्या पिकांवर, आमच्या कष्टाच्या कामांवर संशोधन करायला सरकारी पैसा वाढवा," असं एखाद्या गटानं आमदार-खासदारांना सांगितल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रयान येतं, नाहीतर पांढरा कोट घातलेला, काचेच्या नळ्या हातात धरलेला माणूस येतो. मग वाटतं, हे मोठ्या लोकांचं काम, आपला काय संबंध? पण संशोधन म्हणजे मुळात काय, तर एखाद्या गोष्टीनं खरोखर गुण येतो का, हे मोजून-ताडून बघणं. अर्ध्या रानात एक बी आणि अर्ध्या रानात दुसरं बी पेरायचं, दोन्हीला सारखंच खत-पाणी द्यायचं आणि सुगीला दोन्हीकडचा माल वेगळा तोलायचा. आपण हे अंदाजानं करतो. शास्त्रज्ञ तेच अनेक गावांत, वर्षानुवर्षं, एकेक नोंद ठेवून करतात. त्याला शिकलेली माणसं लागतात, वेळ लागतो आणि पैसा लागतो.

आपल्या रोजच्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. घरात बाळंतपण झालं की आशाताई बाळाला बघायला येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी असतात. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, बाळाला गुंडाळून ऊब कशी द्यायची ते दाखवते. ही पद्धत दिल्लीतल्या कुणा साहेबाला एका रात्रीत सुचलेली नाही. ती आपल्याच महाराष्ट्रातल्या गडचिरोली जिल्ह्यात तपासून घेतलेली आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं १९९३ पासून पुढची काही वर्षं हे काम केलं. ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं. नवजात बाळाला घरच्या घरी कसं सांभाळायचं, धोक्याची खूण कशी ओळखायची, जंतुसंसर्ग झाला तर औषध आणि इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा चालू ठेवली, म्हणजे दोन्हीकडचा फरक कळेल. सुरुवातीला या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा साडेपंचवीसवर आला. शेजारच्या गावांत तो आधी ५८ होता, तो ६०च्या जवळपासच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ पासून आपल्या सरकारनं घरी जाऊन बाळ बघण्याची ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू केली.

मैत्रिणींनो, यात एक गोष्ट लक्षात घ्या. शेजारची ४७ गावं मोजली नसती तर कुणीही म्हणालं असतं, "पाऊस चांगला झाला, म्हणून बाळं जगली." दोन्हीकडे मोजलं म्हणून सरकारला नाही म्हणता आलं नाही. मोजलेल्या गोष्टीला असं वजन असतं.

आता दुसरं उदाहरण. हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या धाराशिवचं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आपल्या देशात दर वर्षी ७० हजारांहून अधिक बायांचा जीव घेतो. बाई दवाखान्यात पोहोचते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तो आधीच ओळखायचा तर कुठली तपासणी खेड्यात चालेल? हे बघण्यासाठी १९९९ मध्ये या जिल्ह्यात मोठी पाहणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरिअल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटातल्या बायांना माहिती दिली आणि नेहमीचीच सेवा ठेवली.

पुढची आठ वर्षं या बायांची नोंद ठेवली गेली. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गटात एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, तिथे या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४ गेल्या. दोन्ही गटांचा हिशेब लावला तर आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मरणारं प्रमाण जवळपास निम्मं झालं. हा निष्कर्ष जगभर गेला. परदेशातले डॉक्टर आज या आजाराबद्दल बोलताना परांडा, भूम, कळंबकडच्या शेतमजूर बायांच्या नोंदींचा आधार घेतात.

आता आम्हाला जे टोचतं ते सांगतो. ही पाहणी करणारी टाटासारखी संस्था आपल्या सरकारची, अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतली. डॉक्टर-नर्स आपल्या, बाया आपल्या, मरणही आपलंच. पण या पाहणीसाठी लागलेला पैसा अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनचा होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायांमध्ये टाटा मेमोरिअलनंच अशी आणखी एक पाहणी केली. साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी सौम्य आम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, हे त्यातून कळलं. तिला पैसा दिला तो अमेरिकी सरकारच्या कॅन्सर संस्थेनं. गडचिरोलीच्या त्या बाळांच्या कामालाही फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांनी मदत केली.

ज्यांनी पैसा दिला त्यांचे उपकारच आहेत, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण आपल्या घरात काय शिजवायचं हे दुसऱ्याच्या किराण्यावर ठरत असेल, तर कधीतरी आपण आपला डबा भरायला नको का? जो पैसा देतो तोच प्रश्न निवडतो. उद्या त्याचं मन दुसरीकडे गेलं की काम बंद. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं परदेशातल्या आरोग्याच्या कामांची मदत मोठ्या प्रमाणावर थांबवली. तो त्यांचा पैसा, त्यांचा निर्णय. पण आपल्या बायांचे प्रश्न त्यावर किती दिवस अवलंबून ठेवायचे?

पैशाबरोबर विचारायचा हक्कही येतो. उस्मानाबादच्या चौथ्या गटातल्या, तपासणी न झालेल्या बायांचं काय, असा प्रश्न पुढे डॉक्टरमंडळींतच विचारला गेला, त्यावर मोठी चर्चाही झाली. तो प्रश्न योग्यच होता. संशोधन आपल्या सरकारच्या पैशानं झालं, आपले लोकप्रतिनिधी त्याला उत्तरदायी असले, तर असे प्रश्न आपल्याला आधीच विचारता येतील. बाईला सगळं समजावून, तिची खरी संमती घेऊन काम झालं की नाही, हेही विचारता येईल.

आता जरा आपल्या अंगावरच्या दुखण्यांकडे येऊ, जी आपण कुणाला सांगत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निकाल 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. १०० पैकी ९२ बायांना स्त्रीरोग होता. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं. आणि त्यातल्या जेमतेम ८ टक्के बायांची आधी कधी अशी तपासणी झालेली होती. तोपर्यंत सरकारी दप्तरात बाई म्हणजे फक्त गरोदर बाई होती. बाळंतपण झालं की तिचं शरीर जणू संपलं. या एका पाहणीनं जगाला दाखवलं की खेड्यातली बाई किती दुखणी अंगावर काढते.

त्यानंतर ३० वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेत प्रश्न विचारला गेला, मंत्र्यांना आकडे सांगावे लागले, मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या आकड्यानं सगळ्यांची झोप उडाली. बघा, सभागृहात एक प्रश्न विचारला गेला म्हणून हजारो बायांची मोजदाद झाली. आपल्या निवडून दिलेल्या माणसाच्या हातात एवढं असतं.

पण मोजदाद ही पहिली पायरी. पुढचे प्रश्न तसेच उभे आहेत. सहा-सहा महिने पहाटेपासून मोळ्या उचलून बाईच्या ओटीपोटावर, कमरेवर काय परिणाम होतो? कमी वयात पिशवी काढलेल्या बाईच्या हाडांचं, मनाचं पुढे काय होतं? किती किलोच्या वर मोळी बाईनं उचलू नये? पाळीच्या दिवसांत फडावर काय सोय केली तर दुखणं कमी होतं? ही उत्तरं पुस्तकात तयार नाहीत. ती आपल्याच बायांच्या सोबतीनं, काही वर्षं नोंदी ठेवून शोधावी लागतील. आणि हे काम कुठलीही कंपनी करणार नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही.

हा मुद्दा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर आहे. कंपनी संशोधन करते ते नफ्यासाठी. त्यात वाईट काही नाही, गटाची पापडाची गिरणीही नफ्यासाठीच चालते. पण ज्यातून नफा नाही ते काम मग कोण करणार?

ज्वारीचं बघा. रब्बीत आपण मालदांडी पेरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या सरकारी केंद्रावर गावरान ज्वारीतून निवड करून १९३० च्या दशकात तिचा मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. आज नव्वदएक वर्षं होत आली, तरी आपण तिचीच भाकरी खातो आणि तिचाच कडबा जनावरांना घालतो. तिचं बी घरी राखता येतं, दर वर्षी विकत घ्यावं लागत नाही. म्हणूनच कंपनीला त्यात रस नाही. असं सुधारित बी सरकारी पैशातून तयार झालं तरच मिळतं.

सापाचं बघा. आपल्या देशात २००० ते २०१९ या २० वर्षांत सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात बहुतेक खेड्यातली. खुरपायला वाकलेली, गवत कापणारी, रात्री जमिनीवर निजलेली. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालते. ती बनवायला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष निरनिराळ्या भागांत निरनिराळं असतं, असं बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. म्हणजे तिकडच्या विषावर बनलेली लस आपल्याकडच्या सापाला पुरेशी लागू पडेलच असं नाही. यावर काम करायला हवं. पण साप चावतो कुणाला? ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला. मग कंपनी कशाला हात घालील?

विंचवाचीही गोष्ट तशीच. कोकणात विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं दगावायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या दवाखान्यात बसून एकेका रुग्णाची नोंद ठेवली आणि रक्तदाबावरची एक साधी, स्वस्त गोळी या विषावर चालते हे दाखवून दिलं. पूर्वी गंभीर दंशाच्या १०० रुग्णांतले ४० पर्यंत दगावत, ते प्रमाण एकावर आलं. एका डॉक्टरच्या चिकाटीनं हे झालं. पण किती प्रश्न असे एकेकट्या माणसाच्या चिकाटीवर सोडायचे?

सरकारचा पैसा मागे असला की काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला रोखणारी लस पूर्वी परदेशी कंपन्यांचीच होती, गरिबाला न परवडणारी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं आपल्या देशाची लस तयार केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती जाहीर झाली. सरकार, शास्त्रज्ञ आणि कारखाना एकत्र आले की आपल्या मुलींसाठी असं काही होऊ शकतं.

आता हिशेबाकडे वळू. हिशेब म्हटला की आपण गटाच्या बाया कान टवकारतो. आपला देश वर्षभरात जेवढं कमावतो, त्यातले १०० रुपये धरले तर संशोधनावर किती जातात? २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे ६४ पैसे. सरकार, कंपन्या, विद्यापीठं, सगळ्यांचे मिळून. चीनमध्ये हाच आकडा तेव्हा दोन रुपये चाळीस पैशांच्या आसपास होता, अमेरिकेत साडेतीन रुपयांच्या आसपास, दक्षिण कोरियात पाच रुपयांच्या जवळ.

बरं, आपले ६४ पैसे वाढत चाललेत असंही नाही. २००८-०९ मध्ये ते ८० पैशांच्या वर होते. कमाई वाढली तशी रुपयांतली रक्कम वाढली, पण कमाईतला वाटा घटला. घरात पगार वाढला आणि पोरांच्या शाळेवरचा वाटा कमी केला, असं ते झालं. आणि वचन काय होतं? २००३ च्या विज्ञान धोरणात म्हटलं होतं, हा वाटा २ टक्क्यांवर नेऊ. २०१३ च्या धोरणात पुन्हा तेच म्हटलं. सरकारं वेगवेगळी, वचन तेच, आणि ते पुरं कुणीच केलं नाही. म्हणून हा कुठल्या एका पक्षाचा प्रश्न नाही. सगळ्याच पक्षांना विचारायचा आहे.

या खर्चात केंद्राचा वाटा सुमारे ४४ टक्के. त्यात सर्वांत मोठा हिस्सा संरक्षणाचा, त्याखालोखाल अवकाशाचा. ते लागतंच. पण सगळ्या राज्य सरकारांचा मिळून वाटा किती, तर १०० रुपयांतले फक्त ६ रुपये ७० पैसे. कृषी विद्यापीठं राज्याची. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार. तिथल्या रिकाम्या पदांच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. ज्या टेबलावर शास्त्रज्ञच नाही, त्या टेबलावरून नवं बी येणार कुठून?

केंद्रानं अलीकडे दोन मोठ्या घोषणा केल्या. २०२३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं केलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, असं सांगितलं. पण त्यातले सरकारचे १४ हजार कोटी, उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार अशा बाहेरच्या मार्गांनी यायचे. मग २०२५ मध्ये १ लाख कोटींची दुसरी योजना मंजूर झाली. तो पैसा मुख्यतः खासगी उद्योगांना कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी, लांब मुदतीच्या कर्जाच्या रूपानं देण्यासाठी आहे.

कर्ज आणि फिरता निधी यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. कर्ज घेतलं की आपण तेच काम धरतो ज्यातून हप्ता सुटेल. शेळी घेऊ, शिलाई मशीन घेऊ. कर्ज काढून कुणी गावाची विहीर खणत नाही. उद्योगांसाठी कर्जाची योजना हवीच, आमचा तिला विरोध नाही. पण फुरशाच्या विषावरचं, ऊसतोड बाईच्या कमरेवरचं, कोरडवाहू ज्वारीवरचं संशोधन ही गावाची विहीर आहे. त्याला परत न मागायचा सरकारी पैसाच लागतो.

आता कुणी म्हणेल, "आधी पोटाला द्या, मग संशोधनाचं बघू." मैत्रिणींनो, बाळ वाचणं, भाकरीचं बी सुधारणं, साप चावलेला धनी जिवंत घरी येणं, हे पोटाचंच आहे. दुसरं कुणी म्हणेल, "पैसा वाढवला तर मधल्या मध्ये खातील." ती भीती खरी आहे. पण गटात एकीनं पैसे खाल्ले म्हणून आपण बचत बंद करत नाही. दर महिन्याला वही उघडून वाचतो. इथेही हिशेब मागायचा, पैसा बंद करा म्हणायचं नाही. आणि तिसरं कुणी म्हणेल, "हे शास्त्रज्ञांनी मागावं." त्यांनी मागितलं आहे. ९ ऑगस्ट २०१७ ला देशातल्या अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. देशाच्या कमाईचे किमान ३ टक्के विज्ञानाला द्या, ही त्यांची मागणी होती. पण शास्त्रज्ञांची मतं किती आणि आपली किती? बचत गटांच्या बाया बोलल्या तर नेत्यांना ऐकावं लागतं.

मग करायचं काय? आमच्या प्रभागातल्या गटांनी मिळून ठरवलं आहे, ते सांगतो. पटलं तर तुम्हीही करा.

एक, कुणाकडे काय मागायचं हे वेगळं करा. खासदार दिल्लीत बसतात. आयसीएमआर ही आरोग्य संशोधनाची संस्था आणि आयसीएआर ही शेती संशोधनाची संस्था केंद्राच्या आहेत. खासदारांना सांगा, या दोन्हींसाठीची तरतूद वाढवायला संसदेत बोला, आणि २ टक्क्यांचं वचन कधी पुरं होणार हे विचारा. आमदार मुंबईत बसतात. त्यांना सांगा, कृषी विद्यापीठांतली किती पदं रिकामी आहेत हे सभागृहात विचारा आणि ती भरा. ऊसतोड बायांच्या आरोग्यावर पुढचं संशोधन करायला राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळा पैसा ठेवा.

दोन, वेळ साधा. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि आठवडाभरानं ८ मार्चला महिला दिन. त्याच दिवसांत दिल्लीत आणि मुंबईत अर्थसंकल्पाचं अधिवेशन असतं. महिला दिनाला पुढारी आपल्याकडे हार-शाल घेऊन येतात. शाल घ्या, आणि त्यांच्या हातात निवेदन द्या.

तीन, आधी ग्रामसभेत ठराव करा. महिला सभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची प्रत निवेदनाला जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

चार, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राची वैज्ञानिक सल्लागार समिती असते. तिच्यात शेतकरी महिलांनाही जागा असते. आपल्या जिल्ह्यात त्या जागेवर कोण आहे, ते विचारा. आपल्यातली एखादी जाणती ताई तिथे जाऊ दे. खुरपणीचं, काढणीचं, कडबा बांधण्याचं काम कोण करतं, हे तिला सांगता येईल.

पाच, आपले प्रश्न आपणच लिहून काढा. पुढच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. "आपल्या गावात कशावर संशोधन व्हायला हवं?" एवढंच विचारा. कुणी म्हणेल, तुरीवरची मर. कुणी म्हणेल, विहिरीच्या पाण्यानं गुडघे दुखतात का ते बघा. कुणी हळूच म्हणेल, पांढरं जाण्याचं काय? सगळं वहीत घ्या. शास्त्रज्ञालाही सुरुवात प्रश्नापासूनच करावी लागते, आणि आपल्याकडे प्रश्नांची कमी नाही.

निवेदन लांबलचक नको. आम्ही केलं आहे ते असं: "माननीय महोदय, आम्ही खाली सही करणाऱ्या बचत गटांच्या महिला आपल्या मतदार आहोत. देशाच्या उत्पन्नातला ०.६४ टक्के वाटाच संशोधनावर खर्च होतो. तो २ टक्क्यांवर नेण्याचं वचन २००३ मध्ये आणि २०१३ मध्ये दिलेलं आहे. आमचे आजार, आमची पिकं आणि आमच्या कष्टाची कामं यांवरच्या संशोधनाला सरकारी निधी वाढवून द्यावा, ही मागणी आपण सभागृहात मांडावी. आपण काय बोललात आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हाला लेखी कळवावं." खाली सह्या, अंगठे आणि गावाचं नाव.

शेवटची ओळ महत्त्वाची आहे, ती गाळू नका. निवेदन देऊन फोटो काढला की काम झालं, असं होऊ देऊ नका. अधिवेशन संपलं की दोघी-तिघी जाऊन विचारा, काय झालं? उत्तर आलं तर ते बैठकीत वाचून दाखवा. नाही आलं तर तेही वहीत लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत गाडी पुन्हा दारात येईल, तेव्हा ती वही हातात असू द्या.